सरकारी वय

आमच्या वस्तीत प्रत्येक पोराला दोन वयं असायची, एक घरातलं आणि एक सरकारी. घरातलं वय आईला आणि सुईणीला ठाऊक. सरकारी वय बाप ठरवायचा, आणि ते घरातल्यापेक्षा दोन वर्षांनी कमी असायचं. पोरगा पुढेमागे सरकारी नोकरीत चिकटला तर अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसणार. शाळेच्या दाखल्यावर दोन वर्षं कमी लागली असतील तर साठीपर्यंत नोकरी शाबूत. पोरींची वयंही कमी सांगायची, ती लग्नासाठी. तारीख मात्र सगळ्यांची एकच, एक जुलै. शाळा तेव्हा उघडायची आणि मास्तरांना दुसरी तारीख सुचायची नाही.

मीही ह्यात काही वावगं मानत नव्हते, हे आधीच सांगून टाकते. साळसूदपणाचा आव मला आणायचा नाही.

माझं नाव कांता. माहेर कामठीचं, शिक्षण मॅट्रिक पास. लग्न होऊन लखनौला आले ती थेट चिनहटला. फैजाबाद रोडवरून आत वळलं की चिनी मातीच्या भांड्यांच्या भट्ट्या, त्यांच्यामागे माती काढून काढून पडलेले खड्डे, आणि त्या खड्ड्यांच्या काठाने वस्ती. भट्ट्यांवर राबणारी माणसं इथलीच, आसपासच्या गावांतली. आम्ही नागपूर-भंडाऱ्याकडची सात बौद्ध कुटुंबं, कोणी रेल्वेच्या तर कोणी तारखात्याच्या नोकरीमागे आलेली, वस्तीच्या टोकाला पक्क्या खोल्यांच्या ओळीत राहायचो. माझा नवरा श्रीपत केंद्र सरकारच्या एका ऑफिसात क्लार्क होता. तोंडाने मी त्यांचं नाव घेत नसे, पण इथे ‘हे’ ‘हे’ करत बसले तर तुमचाच गोंधळ उडेल, म्हणून नावाने लिहिते.

आमचा जगदीश चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यातला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं, कामठीची तिकिटं काढून ट्रंकही बांधून ठेवली होती, आणि नेमकी रेल हडताल झाली. गाड्या बंद. शेवटी शेजारच्या गयामावशीनेच माझं बाळंतपण केलं. श्रीपतने मात्र बारशाच्या आधीच सरकारी तारीख ठरवून टाकली होती, एक जुलै शहात्तर. जन्माला आलेल्या पोराचा सरकारी जन्म अजून दोन वर्षांनी व्हायचा होता. तेव्हा आम्ही ह्यावर पोट धरून हसलो होतो.

एकोणऐंशीच्या नोव्हेंबरात डॉक्टर सुनीती गोळे वस्तीत आल्या. त्यांचे यजमान रेल्वेत इंजिनियर, आणि बाई स्वतः एका सरकारी योजनेच्या कामावर. लहान मुलांसाठी एक केंद्र उघडायचं होतं. रोज सकाळी दलिया, अशक्त मुलांना वर दूध, गुरुवारी डॉक्टर, लशी, तीन वर्षांच्या पुढच्यांना अक्षरओळख, आणि आया कामावरून येईपर्यंत पोरं दाराच्या आत. जागा दोनच विचारात होत्या. एक आमची वस्ती आणि दुसरं तिकडे सरोजिनी नगरच्या पुढचं एक गाव. केंद्र मात्र एकच होतं. जिथली मुलं जास्त अशक्त, तिथे ते जाणार होतं.

त्यांना वस्तीतली शिकलेली बाई हवी होती आणि मराठी ऐकून त्या माझ्याच दारात थांबल्या. मी एका शब्दात हो म्हटलं. त्याला कारण होतं. त्याच पावसाळ्यात रामदुलारीची मुनिया मातीच्या खड्ड्यात बुडाली होती. रामदुलारी भट्टीवर माती वाहत होती आणि पोरगी खड्ड्याच्या काठी खेळत होती. बाहेर काढली तेव्हा मी तिथे होते. दाराला कडी असलेली एक खोली असती तर ती पोरगी वाचली असती, एवढंच माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून हे केंद्र आमच्याकडेच आणायचं, मग काहीही होवो, असं मी ठरवलं होतं.

सर्वे तीन पानांचा होता. पहिल्यावर वजन, दुसऱ्यावर वर्षभरात झालेले अपघात आणि आजार, तिसऱ्यावर शाळा. शेवटची दोन पानं मी घरोघर फिरून आठ दिवसांत भरली. वजनं करायला डॉक्टरबाई स्वतः आल्या. कडुनिंबाच्या फांदीला तबकडीसारखा गोल काटा टांगला आणि त्याला चड्डीसारखी शिवलेली कापडी झोळी. पोरं झोळीत पाय घालून लोंबकळायची आणि बोंब ठोकायची. मी नाव आणि वय विचारायचे, बाई वजन सांगायच्या, मी लिहायचे. प्रत्येक पोराचं एक कार्ड होतं. त्यावर खाली वय, उभं वजन, मध्ये वर चढत जाणाऱ्या वाकड्या रेघा. वय आणि वजन जिथे भेटतील तिथे टिंब टाकायचं. टिंब खालच्या रेघेच्याही खाली गेलं तर ते लाल पेन्सिलीने.

दोन दिवसांत ब्याण्णव पोरं झाली. लाल टिंबं निघाली अकरा.

डॉक्टरबाई खूश झाल्या. "कांताबाई, तुमची मुलं चांगली आहेत की. बारकी दिसतात, पण वयाच्या मानाने वजनं ठीक आहेत. त्या गावात अडतीस लाल निघाली. केंद्र तिकडे द्यावं लागेल, वाईट वाटून घेऊ नका."

वाईट कसलं, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण कोणावर चिडायचं तेच कळेना. काटा खोटा नव्हता, आणि अडतीस पोरांच्या तोंडचा घास ओढायचा मला काय हक्क होता? तरी मनात येत राहिलं की ह्या पोरांना मी रोज बघते, ह्यांच्या बरगड्या मोजता येतात, आणि ही चांगली?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. गयामावशीचा नातू देवानंद पळत आला. आमच्या ओळीत कौलं फक्त आमच्या खोलीवर होती, बाकीच्यांवर पत्रे.

"चाची, छत पर फेंकना है," म्हणाला आणि मूठ उघडली. तळहातावर समोरचा दात. आमच्या ओळीतली पोरं आईबापांचं मराठी समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची.

"फेक ना, कौल फोडू नकोस म्हणजे झालं," मी म्हटलं. त्याने दात फेकला आणि पळाला. माझा हात सुपात तसाच राहिला.

हाच देवानंद मी कार्डावर चार वर्षांचा लिहिला होता. चौथ्या वर्षी कोणाचे दात पडतात?

मी उठले आणि कार्डांची चळत पुढ्यात घेतली. एकेक कार्ड बघत गेले तसा डोक्यात उजेड पडत गेला. तान्ह्यांची वयं बरोबर होती, त्यांच्या नोकरीचा विचार अजून कोणी केला नव्हता. पण तीनच्या पुढच्यांची? हातात कागद घेऊन कोणी दारात आलं की आमच्या बायकांच्या तोंडून सरकारी वयच बाहेर पडायचं. त्यात कोणाचं कपट नव्हतं, जिभेला वळणच तसं पडलं होतं. आणि मी? मी ती वयं बिनदिक्कत लिहून घेतली होती, कारण जगदीशचं वय मी स्वतःच साडेतीन असं लिहिलं होतं. साडेपाचाच्या पोराला साडेतीनाचा म्हटलं की त्याचं वजन चांगलं दिसणारच. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

लगेच चप्पल घातली, जगदीशला गयामावशीकडे सोडलं आणि बस धरून कैसरबागेत उतरले. डॉक्टरबाईंच्या ऑफिसात जाऊन सगळं एका दमात सांगितलं, माझ्या पोरासकट.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे सगळ्या आया खोटं बोलल्या?"

"खोटं नाही हो बाई. सरकारी वय सांगितलं."

"आता ऐका," त्या म्हणाल्या. "आता केंद्र हवंय म्हणून तुम्ही वयं वाढवून आणाल, असं वरचे लोक म्हणतील. मीही म्हणेन. मला पुरावा हवा. आठ दिवसांत प्रत्येक मुलाचं खरं वय आणा, कशावरून ठरवलं ते शेजारी लिहा. मग मी येऊन मला हवी ती कार्डं काढून तपासीन. आणि बायकांना तुम्ही पढवलं असेल, तेव्हा मी बापांना विचारणार. एका बापाने जरी वेगळं वय सांगितलं तर तुमचं सगळं रजिस्टर बाद. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. मग जे विचारायला भीती वाटत होती तेही विचारलं. "ही वयं शाळेत जातील का?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मी पाठवणार नाही. पण सरकारी कागद कुठून कुठे जाईल, ह्याची हमी मी देऊ शकत नाही. खोटं आश्वासन देण्यापेक्षा हे बरं."

मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी त्या आवडल्याही.

दुसऱ्या दिवशी भट्ट्यांची सुट्टी होती. गयामावशीच्या अंगणात मी सगळ्या बायकांना गोळा केलं. पंचवीस-तीस जणी जमल्या. मी समजावून सांगितलं, की सरकारी वय लिहिल्यामुळे आपली पोरं कागदावर धडधाकट झाली आणि केंद्र चाललं सरोजिनी नगरला. आता खरी वयं सांगा.

मग कोपऱ्यातून एक जण म्हणाली, "और कल को मास्टर ने वही उमर चढ़ा दी तो? लड़के के दो साल कौन देगा, तुम?"

गयामावशी भिंतीला टेकून बसली होती. आमच्या ओळीत तिचा शब्द शेवटचा. तिचा नवरा ईश्वर रेल्वेत खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचा कामगार होता. लहानपणी तो अंगाने थोराड, म्हणून मास्तरने अंदाजाने तीन वर्षं जास्तच लिहिली होती. पंचावन्नाव्या वर्षी रेल्वेने त्याला अठ्ठावन्नाचा ठरवून घरी पाठवलं, तेव्हा घरात दोन पोरी लग्नाच्या होत्या.

"कांते," ती म्हणाली, "तुले कागदाची लई हौस हाये. मले त्या कागदानंच बुडवलं. तीन वर्षं मी लोकांची भांडी घासली, ते तुह्या रजिस्टरात कुठी लिहिलं हाये? माह्या नातवाचं खरं वय मी नाई सांगत जा."

"मावशी, त्याचा दात पडला ना काल?"

"पडू दे. बत्तीसच्या बत्तीस पडू दे."

बायका हसल्या. मला हसू आलं नाही. मी उभी राहिले आणि हिंदीतच बोलले, म्हणजे सगळ्यांना कळावं. "एक बात सोचो. हम दो साल कम बताते हैं और मास्टर मान लेता है. डॉक्टर भी मान लेती है. क्यों मान लेते हैं? क्योंकि हमारे बच्चे उतने ही दिखते हैं. साढ़े पाँच का बच्चा साढ़े तीन का लगता है, तभी तो हमारा झूठ चलता है. अफसरों के बच्चों का दो साल कम करके दिखाओ, कोई मानेगा?"

हे मी आधी ठरवून बोलले नव्हते. बोलता बोलताच मला ते कळलं. रामदुलारी मागे बसली होती, तिने पदर तोंडाला लावला.

गयामावशीच पहिल्यांदा बोलली, पण आवाज खाली आला होता. "मंग आंधी तुह्या पोराचं लिही. सगळ्याइच्या समोर. जगदीश हडतालीत झाला हाये, मीच त्याची नाळ कापली. मले नको फसवू."

मी रजिस्टर उघडलं. जगदीशच्या नावापुढचं साडेतीन खोडलं आणि लिहिलं, पाच वर्षे सात महिने, रेल हडताल. मोठ्याने वाचून दाखवलं. ते लिहिताना श्रीपत डोळ्यांसमोर होते, हे मी नाकारत नाही.

मावशीने हात गुडघ्यांवर ठेवले आणि सुस्कारा सोडला. "लिही मंग. देवानंद, इमर्जन्सी उठली त्या निवडणुकीच्या आंधी तीन वर्षं पुरी झाली होती त्याले. अन् चंदा, त्याची बहीण, इमर्जन्सी लागली त्याच्या दुसऱ्या महिन्यातली."

त्यानंतर धरण फुटल्यासारखं झालं. बायकांना तारखा ठाऊक नव्हत्या, पण बाकी सगळं लख्ख आठवत होतं. हापसा बसला तेव्हा पोटात होता. भीमजयंतीची पहिली मिरवणूक निघाली तेव्हा रांगत होती. नसबंदीवाल्यांच्या भीतीने नवरा उसात लपला होता, त्याच आठवड्यात झाली. गारांनी भट्टीचं छप्पर पडलं त्या दिवशी बारसं होतं. मी एका कागदावर ह्या घटना वर्षवार मांडल्या आणि प्रत्येक पोराला त्यांत बसवलं. दोन जणींचं वय जुळेना तर एकमेकींची साक्ष काढायच्या, भांडायच्या, आणि शेवटी बरोबर महिन्यावर यायच्या. चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. श्रीपतला रोज डब्यात बटाट्याची भाजीच मिळाली.

मग कार्डांवर नवी टिंबं टाकायला बसले. लाल पेन्सिल दोनदा तासावी लागली. ब्याण्णवांपैकी एक्याण्णव कार्डं झाली. एक मी सारखी चळतीच्या तळाशी सारत होते. ते जगदीशचं होतं. साडेतेरा किलो, एवढं मला पाठ होतं. टिंब कुठे पडेल ते न टाकताही दिसत होतं, पण हात पुढे जात नव्हता. माझा पोरगा रोज दोन वेळा जेवतो. त्याचा बाप क्लार्क आहे. तो बारका आहे तो बापावर गेलाय म्हणून, असंच मी आजवर म्हणत आले होते.

संध्याकाळी श्रीपत घरी आले ते तापलेलेच. चहाच्या टपरीवर कोणीतरी सांगितलं होतं.

"तू जगदीशचं रजिस्टरात लिहिलंस?"

"लिहिलं."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर लिहू दिलं असतं?"

ते खाटेवर बसले. ओरडले नाहीत, त्याचंच मला जास्त भय वाटलं. "कांता, माझ्या बापाला वाचता येत नव्हतं. मास्तराने विचारलं पोरगा कधीचा, तर बाप म्हणाला, तुम्हीच सांगा साहेब. माझी जन्मतारीख त्या मास्तरची आहे, मला माझी खरी तारीख आजही ठाऊक नाही. पण पोराची तारीख मी स्वतः ठरवली होती. बापाकडून त्याला देण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती माझ्याकडे. दोन वर्षं. ती तू खोडलीस."

मला रडू आलं असतं, पण त्याआधी संताप आला. मी तळातलं कार्ड काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. "तुम्ही दिवसभर ऑफिसात आकडेच मांडता ना? हे घ्या. खाली वय, इकडे वजन. साडेतेरा किलो. टिंब तुम्हीच टाका. आधी तुमच्या वयावर टाका, मग खऱ्या वयावर."

त्यांनी खिशातलं पेन काढलं. साडेतीनावर बोट ठेवलं, वर सरकले, बोट चांगल्या रेघांत आलं. मग पाच वर्षं सात महिन्यांवर बोट नेलं. वर सरकले. रेघ फार वर होती. ते परत खाली आले, पुन्हा मोजलं, पुन्हा तिथेच आले. जगदीश बाहेर ओट्यावर काड्यांचं घर करत होता. श्रीपत दारातून त्याच्याकडे बघत राहिले. टिंब न टाकताच त्यांनी कार्ड खाटेवर ठेवलं, पायात चपला सरकवल्या आणि निघून गेले.

मग मीच लाल पेन्सिल घेतली आणि टिंब टाकलं. दाबून टाकलं. आम्हाला वाटत होतं आम्ही कागदावरून दोन वर्षं काढली. ती पोराच्या अंगावरून आधीच गेलेली होती.

पुढचे दोन दिवस श्रीपत माझ्याशी बोलले नाहीत. डबा उचलायचे, जायचे, यायचे, जगदीशला मांडीवर घेऊन बसायचे. एकदा मी पाहिलं, त्याचं मनगट ते दोन बोटांत धरून बघत होते. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, कारण डॉक्टरबाई रविवारी येणार होत्या आणि बापांना विचारणार होत्या. ह्या माणसाने ‘साडेतीन’ एवढा एक शब्द उच्चारला असता तर ब्याण्णव पोरांचं केंद्र गेलं असतं. पण हात जोडून त्यांना पढवायचं, तर मग आधीच्या खोट्यात आणि ह्यात फरक काय राहिला? मी तोंड घट्ट मिटून ठेवलं.

रविवारी सकाळी दहाला जीप आली. कडुनिंबाखाली सतरंजी टाकली होती. बाप मंडळी आंघोळी करून, केस चोपडून उभी होती, जणू वजन त्यांचंच व्हायचं होतं. डॉक्टरबाईंनी चळत हातात घेतली आणि मधूनच एक कार्ड काढलं.

"देवानंद. ह्याच्या घरचं कोण आहे?"

ईश्वरकाका पुढे आले. पोराचा बाप ड्यूटीवर होता. "सहाच्या आत आहे साहेब, थोडाच आत," काका म्हणाले. "तोंड उघड रे." देवानंदने आ केला. समोर खिंडार होतं आणि आतून नव्या दाताचं टोक वर येत होतं. बाईंनी बोट घालून मागची दाढ चाचपली आणि कार्डावर खूण केली.

दुसरं कार्ड भट्टीवरच्या एका माणसाच्या पोरीचं. तो चाचरला, बायकोकडे बघू लागला. बाई म्हणाल्या, "उधर नहीं, इधर देखिए." त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "उस साल मैं गन्ने में छिपा था, मैडम, नसबंदी के डर से. उसी हफ्ते हुई." लोक खो खो हसले. बाईसुद्धा हसल्या आणि खूण केली. तिसरं, चौथं, सातवं. सगळी जुळली. मी श्वास सोडला आणि तेवढ्यात त्यांनी सगळ्यात खालचं कार्ड ओढलं.

"जगदीश श्रीपत. हा तुमचाच ना, कांताबाई?"

"हो."

"मग तुम्ही बोलू नका. वडील कुठे आहेत?"

श्रीपत झाडाच्या पलीकडे उभे होते, ऑफिसचा पांढरा शर्ट घालून. ते पुढे आले. वस्तीच्या लोकांत त्यांना मान होता, अर्ज लिहून घ्यायला सगळे त्यांच्याकडेच यायचे. शाळेचे मास्तरही त्या दिवशी बघायला आले होते आणि सतरंजीच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. श्रीपतने त्यांना नमस्कार केला. गयामावशीने मागून माझा दंड धरला.

"मुलाचं वय?" बाईंनी विचारलं.

श्रीपत मास्तरांकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवली आणि बाईंकडे पाहिलं.

"पाच वर्षं सात महिने," ते म्हणाले. "वजन साडेतेरा किलो. ह्या वयाला हे फार कमी आहे. टिंब लाल आहे ते बरोबर आहे, मी स्वतः ताडून पाहिलंय." मग थोडं थांबून हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बच्चा कमज़ोर है. मेरा बच्चा है."

बाईंनी खूण केली आणि पेनाचं टोपण लावलं. मग स्वतः चळत घेऊन बसल्या आणि लाल टिंबं मोजली. सत्तेचाळीस. "केंद्र इथे होईल," त्या म्हणाल्या. "त्या गावासाठी मी वेगळं भांडेन, पण पहिलं इथे."

बायकांनी एकच गलका केला. रामदुलारी माझ्या गळ्यात पडून रडली, मीही रडले, आणि मला कशाचं रडू येत होतं ते मला विचारू नका. केंद्र मिळालं त्याचा आनंद होता आणि माझ्या पोराचं नाव त्या सत्तेचाळिसांत होतं. दोन्ही खरं होतं.

गर्दी पांगली तेव्हा श्रीपत जगदीशला कडेवर घेऊन माझ्याजवळ आले. पाच वर्षं सात महिन्यांचा पोरगा, आणि त्याला उचलताना बापाला जराही जोर लावावा लागला नव्हता. तीन दिवसांत ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले.

"केंद्र किती वाजता उघडेल?"

"साडेआठला," मी म्हटलं. "का?"

"ऑफिसला जायच्या आधी मी आणून सोडत जाईन ह्याला. रांगेत मीच उभा राहीन."

"उशीर करू नका," मी म्हटलं. "सत्तेचाळीस पोरं आहेत. दूध संपेल."